मिलची मंडई

आमच्या मिलचे मॅनेजर ओमेश्वर बोपचे नागपूरहून दोन दिवसांचं शिबिर करून आले, तेव्हाच मी ओळखलं की आता काही खरं नाही. गेले तेव्हा साधे होते. परत आले ते एक निळी फाइल, एक पेन आणि चार स्वभाव घेऊन.

शिबिर नेतृत्वाचं होतं. तिथल्या सरांनी सांगितलं होतं की सगळ्यांशी एकाच तऱ्हेने वागणारा साहेब बुडतो. कुणाला हुकूम द्यावा लागतो, कुणाला समजावून सांगावं लागतं, कुणाचा सल्ला घ्यावा लागतो आणि कुणावर काम सोपवून आपण बाजूला व्हावं लागतं. प्रसंग पाहून पद्धत बदलायची. यात चूक काहीच नाही. माझी आई तिच्या प्रत्येक सुनेशी वेगळ्या तऱ्हेने वागते आणि तिला कुणी फाइल दिलेली नाही. पण ओमेश्वरसाहेबांच्या पद्धती तेवढ्या पाठ झाल्या होत्या. कुठली कुणाला लावायची, हे पाठ करायचं राहून गेलं होतं.

मी सोनिका. आमगावच्या त्या राइस मिलच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसायची. बिलं, फोन, काट्याच्या पावत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चिखलाच्या चपला दाराबाहेर काढायला लावणं ही माझी कामं. माझ्या तोंडाला धार आहे असं लोक म्हणतात. लोकांनी चपला बाहेर काढल्या असत्या, तर ही धार आली नसती.

ही २००७ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मिलचे मालक मुन्नालाल सेठ गोंदियात राहायचे आणि मनात आलं की पांढऱ्या गाडीतून येऊन टपकायचे. ओमेश्वरसाहेबांना ठेवतानाच त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, "दिवाली के बाद का सीजन निकाल के दिखाओ, पक्का कर दूँगा. नहीं तो मेरे साले का लड़का घर पे खाली बैठा है."

हा सालेका लडका म्हणजे गुलशन. तो एक उन्हाळा आमच्याकडे बसून गेला होता. माझ्या टेबलाला खुर्ची चिकटवून दिवसभर प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा आणि माझ्या केराच्या टोपलीत थुंकायचा. ती टोपली मी शेवटी काठीने ढकलत नेऊन फेकली. त्यामुळे ओमेश्वरसाहेब पक्के व्हावेत, ही माझीही मनापासून इच्छा होती.

त्यांचं तर सगळंच त्यावर अडलं होतं. नागपूरची कुरिअरची नोकरी सुटली होती. आई रामकलीबाईंनी गावभर सांगून ठेवलं होतं की पोरगा मॅनेजर आहे. मुलगी पसंत होती, पण मुलीच्या बापाने अट घातली होती की आधी नोकरी पक्की होऊ द्या, मग सुपारी फोडू. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं होतं, चहा पिताना, कान लाल करून.

आता दिवाळीनंतरचा सीजन म्हणजे आमच्याकडे काय असतं, ते सांगायला हवं. नवं धान मिलच्या दारात येऊन उभं राहतं आणि त्याच वेळी मंडया सुरू होतात. पुण्यातल्या माणसाला मंडई म्हटलं की भाजी आठवते. आमची मंडई म्हणजे गावाची जत्रा. भाऊबीज झाली की रोज कुठल्या ना कुठल्या गावात मंडई भरते. दंडार नाचते, आकाशपाळणा लागतो, ऊस आणि शिंगाडे विकायला येतात, रात्री नाटक असतं. शेजारची गावं मुद्दाम वेगवेगळे दिवस धरतात, म्हणजे सगळ्यांना सगळीकडे जाता येतं. ज्याच्या गावची मंडई त्याच्या घरी पाहुणे येतात, आणि पाहुणे गेले नाहीत तर घरवाल्याचा अपमान होतो. आमच्या हमालांपैकी प्रत्येकाची बहीण, साळा, सासरा, व्याही कुठल्या ना कुठल्या मंडईच्या गावात. त्यामुळे दिवाळीनंतर आमच्या मिलमध्ये धान असायचं, वीजही कधीमधी असायची, माणूस नसायचा.

नेमका त्याच वेळी भिलाईचा सौदा आला. तीन ट्रक तांदूळ सोमवारी सकाळी तिथे पोचला पाहिजे, म्हणजे रविवारी सूर्य मावळायच्या आत ट्रक मिलबाहेर पडले पाहिजेत. सेठनी फोनवर एवढंच सांगितलं, "यही तुम्हारा इम्तिहान है, बोपचे."

ओमेश्वरसाहेबांनी फाइल उघडली.

पहिल्या दिवशी हुकूम निघाला. हात मागे बांधून ते पोत्यांच्या थप्पीसमोर उभे राहिले आणि हमालांचा मुकादम बकाराम याला म्हणाले, "उद्यापासून मंडईची सुट्टी बंद. जो जाईल त्याने परत येऊ नये."

बकाराम म्हणाला, "हो जी." त्याने ते सगळ्यांना जसंच्या तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये मी, साहेब आणि वजनकाटा एवढेच होतो. परत येऊ नये असं साहेबच म्हणाले होते, म्हणून तिसऱ्या दिवशीही कोणी येईना. मग साहेबांना मोटारसायकल काढून गावोगाव फिरून लोकांना बोलवून आणावं लागलं. तीन ठिकाणी मंडईचं मटण खावं लागलं ते वेगळं.

मग समजावणं सुरू झालं. भिंतीवर खडूने ट्रक काढला, भिलाई काढली, मधे रस्ता काढला. गिऱ्हाईक म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय, हे त्यांनी इतकं छान सांगितलं की मीसुद्धा बिलं सोडून ऐकत बसले. सगळे माना हलवत होते. शेवटी मशीन चालवणारा चैतराम उठला. हा केशोरीकडचा, मिलच्याच खोलीत राहणारा, महिन्यातून चार वाक्यं बोलणारा माणूस.

"सायेब, मले सारं समजलं," तो म्हणाला. "पन मी नाई गेलो त माया बहिणीले हे कोन समजावून सांगन?"

साहेबांनी खडू खाली ठेवला.

खरी गंमत तिसऱ्या पद्धतीने केली. सल्ला घ्यायचा म्हणून साहेब खुर्ची सोडून हमालांत पोत्यावर जाऊन बसले आणि नरम आवाजात म्हणाले, "तुम्हीच सांगा, मी काय करू? मला काही सुचत नाही."

सगळे गार पडले. आमच्याकडे साहेब पोत्यावर बसला, तर एक तर तो पडलेला असतो किंवा मिल बुडालेली असते. त्या दिवशी दरडावणारा, काल चित्रं काढणारा माणूस आज सल्ला मागतोय, म्हटल्यावर कुणी तोंड उघडेना. साहेब वाट पाहून उठून गेले, तसा बकाराम माझ्या खिडकीशी आला. घाबरला होता, पण चपला काढून आला होता, हे मान्य करायला हवं.

"बाई, मिल बिकून रायले का जी सेठ?"

"कोण म्हणतं?"

"मंग सायेब असा काऊन करून रायला? कोन्या दिवशी वाघावानी, कोन्या दिवशी गाईवानी."

मी सांगितलं, ते शिबिराला गेले होते. बकारामने ते नीट ऐकलं आणि जाऊन लोकांना सांगितलं की साहेबाला नागपूरला कुणाची तरी नजर लागली आहे.

धान वाळवणाऱ्या बायांची पुढारी सुशिलाबाई तेवढ्यावर थांबणारी नव्हती. तिने मीठ-मिरच्या आणल्या, केबिनमध्ये शिरली आणि साहेब फोनवर भिलाईशी बोलत असतानाच त्यांच्यावरून ओवाळायला लागली. साहेब "हाँ जी, पक्का जी" म्हणत तिला हाताने थांबवत होते. तिला वाटलं, त्यांच्या अंगात शिरलेला दुसराच कुणीतरी थांबवतोय. तिने आणखी जोरात ओवाळलं. मग मिरच्या चहाच्या चुलीत टाकल्या. ठसका उठला नाही.

"पाहा," सुशिलाबाई मला म्हणाली. "कडक नजर हाये."

मिरच्या मागच्या वर्षीच्या होत्या, हे मी बोलले नाही. मलाही तेव्हा तेच खरं वाटायला लागलं होतं.

गुरुवार उजाडला तरी अर्धं धान तसंच पडलेलं. साहेबांचा चेहरा पाहवत नव्हता. ते फाइलच्या शेवटच्या पानावर आले होते. त्यांनी बकाराम, चैतराम आणि सुशिलाबाईला बोलावलं आणि म्हणाले, "रविवारी संध्याकाळी तीन ट्रक गेले पाहिजेत. कसे, ते तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही." मग केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

तिघं बराच वेळ धानाच्या ढिगाजवळ बसून बोलली. शुक्रवारी सकाळी सगळे हजर. शनिवारीही हजर. चैतरामने वीज असेल तेव्हा मशीन थांबू दिलं नाही आणि वीज नसेल तेव्हा तो मशीनशेजारीच झोपला. मी बकारामला विचारलं, ही जादू कशी केली.

"आयतवारी आपली मंडई हाये न बाई."

"कुठली आपली?"

"मिलची."

मी हातातला पेन खाली ठेवला. बकाराम मला समजावायला लागला. माणसं मिल सोडून कायले जातात? सोयऱ्यांच्या घरी मंडई असते म्हणून. मग आपलीच मंडई ठेवली तर सोयरेच इकडे येतील. आणि ज्याची मंडई, त्याला त्या दिवशी घर सोडता येत नाही, म्हणजे एकही हमाल हलणार नाही. सगळ्यांनी आपापल्या सोयऱ्यांना निरोप दिले होते. दंडार ठरली होती, स्टेज बांधायचं ठरलं होतं, बकरे ठरले होते.

"आणि माल?"

"मटन खाले येईन त साळा तांदळाचे दोन कट्टे उचलन नाई का?"

मला मानावं लागलं की डोकं चाललं होतं. पण हे साहेबांना माहीत हवं, म्हणून मी केबिनचं दार वाजवलं.

"साहेब, रविवारचं तुम्हाला सांगायचं होतं."

"नको, सोनिकाताई. सोपवलं म्हणजे सोपवलं. मी विचारलं तर त्यांचा विश्वास जाईल."

"पण ते..."

"फाइलमध्ये स्पष्ट लिहिलंय."

मग मीही सोडून दिलं. माणसाला फाइलमध्येच राहायचं असेल तर मी कशाला बाहेर ओढू.

रविवारी साहेब मोटारसायकलवरून आले आणि आपल्याच मिलच्या फाटकासमोर त्यांना गाडी उभी करायला जागा मिळेना. उसाच्या मोळ्या, शिंगाड्यांचे ढीग, बांगड्यांची दुकानं, जिलबीची कढई, आणि बरोब्बर फाटकाच्या बाजूला आकाशपाळणा. आत दंडारीचे ढोलके. ते पायीच वाट काढत माझ्यापर्यंत पोचले आणि म्हणाले, "हे काय आहे?"

"सोपवलंत ते," मी म्हणाले.

खरं सांगायचं तर काम झालं होतं. बकारामचे, चैतरामचे, सगळ्यांचे साळे-जवाई सकाळपासून कट्टे वाहत होते. या गावचा जवाई एक कट्टा उचलतो म्हटल्यावर त्या गावचा दोन उचलायचा. सासू बघत असेल तर तीन. दुपारच्या आत तीनही ट्रक गच्च भरून, ताडपत्री बांधून अंगणात उभे होते. मिलला एवढ्या वेगाने काम करताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

फक्त ते ट्रक बाहेर जाणार कुठून, याचा विचार कुणीच केला नव्हता. मंडईची दुकानं रस्त्यावर लागतात. गावाला फाटक नसतं. मिलला असतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्यात सेठ आले. आधी न सांगता, पांढऱ्या गाडीतून. मला वाटलं, आता संपलं. पण बकारामने धावत जाऊन त्यांच्या गळ्यात हार घातला, सुशिलाबाईने ओवाळलं, आणि मंडईचे मालक म्हणून त्यांना थेट स्टेजवर नेऊन शाल-नारळ दिला. सेठ विरघळले. एवढी माणसं त्यांच्यासाठी आयुष्यात कधी जमली नव्हती. त्यांनी माइक हातात घेतला आणि भाषण सुरू केलं. गाडी फाटकात तशीच आडवी राहिली.

सूर्य कलायला लागला होता. ओमेश्वरसाहेब केबिनमध्ये गेले, फाइल उचलली, क्षणभर उघडली आणि माझ्या टेबलावर आपटून बाहेर पळाले. मी मागोमाग गेले. अशी मजा सोडून मी बिलं करत बसणार नव्हते.

उसवाला गयावया करणाऱ्यातला होता. साहेब त्याला भिलाई समजावायला गेले, तर तोच आपल्या घरची कहाणी सांगायला लागला. "मोळ्या उचल," साहेब ओरडले, आणि त्याने उचलल्या. तोच आवाज त्यांनी पाळणेवाल्यावर काढला, तर तो हाताची घडी घालून उभा राहिला. या माणसाने उभी हयात पाळणे उभारले होते, त्याला ओरडून कोण सांगणार. साहेबांना ते लगेच कळलं. आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "दादा, ट्रक जाईल एवढी जागा कशी करायची? तुम्हीच सांगा." त्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, इकडचे ताणलेले दोर सैल केले तर पाळणा न हलवता गाडी निघते, पण पाळणा तोवर थांबवावा लागेल. आणि थांबवला.

बांगडीवाल्या बायांना दोन मिनिटं बसून नीट सांगितलं, त्यांनी आपणहून पथाऱ्या गुंडाळल्या. दंडारीकडे तर ते गेलेच नाहीत. लांबूनच बकारामला म्हणाले, "ते तुझं." बकारामने ढोलकीवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि सगळी दंडार नाचत-नाचतच भिंतीकडे सरकली. आठवडाभर ज्या पद्धतींनी मिल बंद पाडली होती, त्याच पद्धती ते अर्ध्या तासात वापरून मोकळे झाले. कुठली कुठे वापरली, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. माझ्या होतं. मला त्यांचा अभिमान वाटला.

आता उरली फक्त पांढरी गाडी.

"ड्रायव्हर कुठाय?" साहेबांनी विचारलं.

सुशिलाबाईने वर बोट दाखवलं. सेठचा ड्रायव्हर पाळण्याच्या सगळ्यात वरच्या खुर्चीत बसला होता, हातात ऊस घेऊन. पाळणा आम्हीच थांबवला होता. सुदैवाने चावी गाडीलाच होती, पण सेठच्या गाडीला हात लावायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. तिच्या धुळीवर बोट फिरवलं म्हणून एका हमालाची नोकरी गेली होती.

साहेब स्टेजवर चढले. सेठ शिस्तीवर बोलत होते. माइक त्यांच्या तोंडाशीच होता, त्यामुळे पुढचं सगळं आमगावभर ऐकू गेलं.

"सेठजी, गाडी काढा."

"ड्राइवर को बोलो."

"ड्रायव्हर पाळण्यात आहे."

"तो उतरने दो."

"वेळ नाही. तुमच्या गाडीने तुमचा माल अडवलाय. तुम्ही काढा. आत्ता."

ढोलके थांबले. जिलबीवाल्याचा झारा हातातच राहिला. माझ्या शेजारी सुशिलाबाई हळूच म्हणाली, "पुन्हा लागली वो नजर."

मुन्नालाल सेठनी माइक खाली ठेवला. हार गळ्यात, शाल खांद्यावर, तसेच ते उतरले, गर्दीतून चालत गाडीपाशी गेले आणि स्टिअरिंगवर बसले. कित्येक वर्षांत त्यांनी स्वतः गाडी चालवली नव्हती. गाडी दोनदा बंद पडली. बकाराम सवयीने मागे उभा राहून "आन दे, आन दे" करत होता, मग कोणाला म्हणतोय ते लक्षात येऊन "आन द्या जी" म्हणायला लागला. गाडी निघाली. तिच्यामागून तीनही ट्रक निघाले, आणि सूर्य अजून शिल्लक होता.

सेठ मात्र थांबले नाहीत. जेवले नाहीत, काही बोलले नाहीत, तसेच हारासकट गोंदियाला निघून गेले. ड्रायव्हर वरून हाका मारत राहिला.

मंडई पुन्हा सुरू झाली, पण ओमेश्वरसाहेब काट्यावर जाऊन बसले. काटा त्यांचं वजन दाखवत होता. मी शिंगाडे नेऊन दिले.

"गेली नोकरी," ते म्हणाले. "सुपारीही गेली. आईला काय सांगू?"

मला फार वाईट वाटलं. मी शिंगाडे सोलून देत राहिले.

सोमवारी सकाळी सेठचा फोन आला. साहेब समोरच उभे होते, पण सेठना माझ्याशीच बोलायचं होतं.

"सोनिकाबाई, माल पहुँचा?"

"पोचला जी. वेळेवर."

"तीस साल में किसी ने मुझसे गाड़ी नहीं हटवाई. मेरे बाप ने भी नहीं."

साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

"बोपचे को बोलो, पक्का है," सेठ म्हणाले. "और सुनो. मेरे साले का लड़का आज से उसके नीचे काम करेगा. जो मुझे हटा सकता है, वो गुलशन को भी हिला लेगा."

मी फोन ठेवला आणि आधी पहिली बातमी सांगितली. साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मग रामकलीबाईंना फोन लावायला बाहेर पळाले. दुसरी बातमी सांगायची गरज पडली नाही. दुपारी ती स्वतःच आली, चपला घालून, खुर्ची ओढत माझ्या टेबलाला चिकटली आणि पन्नीत खर्रा घोटायला लागली.

साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ते विचार करताहेत. हुकूम द्यावा, की समजावावं, की विश्वासात घ्यावं. निळी फाइल माझ्याच टेबलावर पडली होती. गुलशनने तोंड भरलं आणि माझ्या नव्या टोपलीकडे वाकला.

मी टोपली उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"थुंक," मी म्हणाले. "आणि घरी घेऊन जा."

गुलशनने गिळलं. मग उठला, चपला बाहेर काढून आला आणि खुर्ची घेऊन पार काट्यापाशी जाऊन बसला.

"ही कुठली पद्धत?" साहेबांनी हळूच विचारलं.

"फाइलमध्ये नाही," मी म्हणाले, आणि बिलं करायला घेतली.